आटे

रात्रीचे दोन एक्केचाळीस.
लिलाव संपायला चार मिनिटं
आणि हेस्कॉमचा भरवसा नाही,
म्हणून मोबाइलही उशाशी जागा ठेवलेला.

लेन्स अठ्ठावन्न मिलिमीटरची, माझ्याहून सहा वर्षांनी थोरली.
विकणारा लाइपझिगचा. लिहितो,
‘काचेवर किंचित धुकं. फोटोत दिसत नाही.’
आमच्याकडे सोयरीक जुळवणारेही असंच सांगतात,
मुलगा जरा तापट आहे, संसारात दिसत नाही.

मी शेवटच्या नऊ सेकंदांपर्यंत दम धरतो.
दिवसभर पासपोर्ट फोटो काढून
हनुवटी वर, हनुवटी खाली म्हणत
जो दम उरतो, तो सगळा.
बोट टेकवतो
आणि चौथ्या सेकंदाला तो येतो.
बी, तीन चांदण्या, नऊ.
पूर्ण नाव साइट दाखवत नाही.

अकरा महिन्यांत अकरा लेन्स नेल्या त्यानं.
मी त्याला टोरांटोत बसवला होता,
काचेच्या खोलीत, पांढरे हातमोजे घालून.
शिव्या मात्र कन्नडमध्ये दिल्या.
मराठी शिव्या घरच्या माणसांना लागतात.

बारावी मिळाली, कारण ती कुणालाच नको होती.
आत बुरशी, कोळ्याच्या जाळ्यासारखी.
कॅम्पच्या पोस्टात कस्टमचे पैसे भरले.
पार्सलावर गावाचं जुनं नाव, जर्मन अक्षरात,
त्याखाली कुणीतरी निळ्या पेनानं नवं लिहिलेलं.
दोन्ही नावं एकाखाली एक,
आणि पार्सल बरोबर पोचलेलं.

ती माझ्या कॅमेऱ्याला बसेना.
मधे एक रिंग हवी होती.
म्हणून तिसऱ्या गेटापलीकडे, उद्यमबागेत,
बसगोंडाच्या लेथवर गेलो.
पंपाचे शाफ्ट करतो तो. हात ऑइलचे.
त्यानं लेन्स घेतली, मागच्या कडेवर नख फिरवलं,
व्हर्नियरकडे बघितलंसुद्धा नाही.
“बेचाळीसचा आटा. पिच एकाची.”
कसं कळलं?
त्यानं लोखंडी कपाट उघडलं.
ड्रिलच्या डब्यांमागे, कन्नड पेपरात गुंडाळलेल्या,
माझ्या अकरा.

बी, तीन चांदण्या, नऊ, म्हणालो मी.
लेथ त्यानं बंद केला.
“म्हंजे ते एम दोन तुमीच काय की?”

अडीच किलोमीटर.
दोन घरांतले दोन दिवे, एकच फिडर,
आणि आम्ही एकमेकांचा भाव वाढवत
लाइपझिगच्या म्हाताऱ्याचं छप्पर शाकारून दिलेलं.

फोटो कसले काढता, विचारलं.
“फोटो? कॅमेराच नाय माझ्याकडं.
उघडून बघतोय. ह्ये आटे बघा की.
साठ वर्सं फिरालंय, केसाएवढं लूज नाय.
कुणी कातलं असंल?”
त्यानं ती पितळी नळी उजेडात धरली
आणि बराच वेळ काही बोलला नाही.
मी आयुष्यभर काचेतून पाहत आलो.
काच ज्यात बसते ते कधी पाहिलंच नव्हतं.

रिंग चाळीस मिनिटांत झाली. पैसे घेईना.
तेव्हा पहिला फोटो त्याचाच काढला, लेथपाशी.
बुरशीनं त्याच्या डोक्याभोवती थोडं दूध सांडलं.
त्यानं चेहरा पाहिलाच नाही.
“चक एकदम शार्प आलंय,” म्हणाला.

ठरलं, की पुढची लेन्स त्याची, त्यापुढची माझी.
शनिवारी मी हात मांडीखाली दाबून बसलो.
नऊ सेकंद. चार.
आणि भलताच कुणीतरी.
के, तीन चांदण्या, सात.

दोन सेहेचाळीसला फोन वाजला.
“मोनाप्पा, झोपलास काय?
ह्यो के सात
अनगोळचा तर नव्हं?”